गालातलं शिसं

आमच्या मोहल्ल्यात कुणाचा गाल फुगलेला दिसला तर त्याची दाढ दुखते आहे असं समजू नका. तो जाळं बांधत असतो. फेकजाळ्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या बांधाव्या लागतात, तेव्हा कुठे जाळं पाण्यात सरळ खाली बसतं आणि मासोळी आत सापडते. बांधताना एक हात दोऱ्यात गुंतलेला, दुसरा जाळ्यात. मग गोळ्या ठेवायच्या कुठे? जमिनीवर ठेवल्या तर घरंगळतात, कोंबडी चोच मारते, रांगतं पोर मुठीत घेऊन पळतं. म्हणून आम्ही ढिवर लोक त्या गालात ठेवतो. जिभेनं एकेक गोळी ओठाशी आणायची, दोन बोटांनी घ्यायची, बांधायची. शिसं वाईट असतं हे सांगायला एकदा आरोग्य खात्याची बाई आली होती. तिला आम्ही चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता गालात गोळ्या ठेवायच्या म्हटल्यावर कधी ना कधी एखादी घशाखाली जाणारच. त्यावरचा उपायही ठरलेला होता. पोटभर केळी खायची, वरून मऊ भात, आणि वाट पाहायची. दोन-तीन दिवसांत गोळी आपल्या रस्त्यानं बाहेर. माझा शेजारी बाबुलाल तर सांगायचा, की लहानपणी त्यानं इतकं शिसं गिळलं, की तळ्यात टाकला असता तर तो जाळ्याच्या आधी तळाला गेला असता.

हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की लोक बाबुलालला अडाणी म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. बाबुलाल अडाणी नव्हता. त्याला जे माहीत होतं ते खरंच होतं, पण ते शिशाबद्दल होतं.

मी पत्रू. बाबुलालच्या भिंतीला माझी भिंत. तेव्हा मी गावातून ब्रह्मपुरीपर्यंत काळीपिवळी जीप चालवायचो. बाबुलालच्या घरात चार माणसं. तो, त्याची बायको गोकुळा, नऊ-दहा वर्षांची दुर्गा आणि सहा वर्षांचा सोनू. सोनू म्हणजे हाडांची मोळी. फासळ्या मोजून घ्याव्यात असा. पण जिभेला हाड नाही. माझ्या जीपच्या बॉनेटवर बसून हा पोरगा ओरडायचा, "चला ब्रह्मपुरी, ब्रह्मपुरी!" आणि खरंच माणसं यायची.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात बाबुलालच्या मोठ्या भावाची पोरगी रीता सुट्टीत काकाकडे राहायला आली. ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकायची, सायन्सला. आमच्या मोहल्ल्यातून सायन्सला गेलेली ती पहिलीच, त्यामुळे तिनं साधी चूल पेटवली तरी पोरं गोळा व्हायची. दुपारी ऊन इतकं, की तळ्याचा काठ तडकलेला, बाहेर कुत्रं नाही. अशा वेळी पोरांना घरात डांबून ठेवायचं तर काही तरी करामत हवी. रीता म्हणाली, आपण चुंबकाची जळू बनवू.

जळू हे नाव दुर्गानं ठेवलं. रीताच्या तोंडी त्याला काही इंग्रजी नाव होतं. बसस्टॉपजवळ वेल्डिंगचं दुकान आहे, तिथल्या ग्राइंडरखालची काळी भुकटी पोरांनी डब्यात भरून आणली. कागदावर पसरली, खालून चुंबक फिरवला, माती एकीकडे आणि लोखंड एकीकडे. सुताराकडून पांढरा गोंद आला. गोकुळानं पोरांचं तोंड आलं की लावायचा टाकणखार काढून दिला. रीतानं तो कोमट पाण्यात विरघळवला, गोंदात लोखंडाची भुकटी कालवली, मग वरून ते पाणी थोडं थोडं घालत गेली. बघता बघता त्याचा एक काळा, थुलथुलीत गोळा झाला. हातातून ओघळायचा, पण सांडायचा नाही. चुंबक जवळ नेला, की त्या गोळ्याला शेंडी फुटायची, ती शेंडी लांब लांब व्हायची, आणि चुंबकाला गाठून हळूहळू त्याला गिळून टाकायची. तळ्यातली जळू पायाकडे येते तशी. पोरं किंचाळत होती. मीही दोन फेऱ्यांच्या मध्ये पाहून आलो, खोटं कशाला सांगू.

चुंबकांची गोष्ट अशी, की आमच्या मोहल्ल्यातल्या धनराजनं मार्कंड्याच्या जत्रेत चुंबकाच्या बाळ्या घेतल्या होत्या. कान न टोचता घालायच्या. कानाच्या पाळीपुढे खडा, मागे चुंबकाची टिकली, पुढच्या खड्यातही तसलीच टिकली. दिसायला मसुराच्या डाळीपेक्षा जरा मोठी, पण ताकद अशी, की पाळी लाल करायची. रीतानं मागितल्या आणि धनराजनं लगेच काढून दिल्या. तिनं मागितले असते तर कानही दिले असते त्यानं. खडे उचकटून चार टिकल्या निघाल्या. रीतानं त्या काडेपेटीत ठेवल्या आणि पोरांना सांगितलं, "एकमेकाच्या जवळ नेऊ नका. बोट मधात सापडलं तर चावते."

सोनूनं ते फार मनावर घेतलं. दोन टिकल्या त्याच्याकडे होत्या, दोन्ही हात जळूनं बरबटलेले. जवळ तर न्यायच्या नाहीत. मग बाप जे करायचा तेच त्यानं केलं. एक दुर्गाच्या हातात दिली आणि एक गालात ठेवली. जळूनं चुंबक गिळला तशी पोरं हसली, सोनूही हसला, आणि टिकली खाली गेली.

रीताची पाचावर धारण बसली. तिनं त्याला उलटा धरला, पाठीत थापट्या मारल्या. सोनू उलटा लटकूनही हसतच होता. बाबुलाल पडवीत जाळं बांधत होता. त्यानं गोळ्या हातात काढल्या आणि म्हणाला, "कायले घाबरवून राह्यली पोराले? गिळलं तर गिळलं. मायं तर अर्धं बालपण शिसं गिळण्यात गेलं."

"काका, डॉक्टरले दाखवू ना एकदा."

"अवं, डॉक्टर काय करीन? तोबी म्हणीन केळं चारा. गोकुळा, केळी आन वं."

बाजारातून डझनभर केळी आली. सोनूला खाटेवर बसवलं. एवढी केळी त्या पोरानं एका वेळी कधी पाहिली नव्हती. एक सोलून झालं की दुसरं. दुर्गा खांबाला टेकून बघत होती. तिनं हात पुढे केला तर गोकुळा म्हणाली, "तू गिळलं काय काही? ते त्याच्या दवाईचे हायेत." दुर्गा रुसून चुलीमागे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते दुर्गानं नंतर सांगितलं. आधी कुणाला कळलं नाही, म्हणजे कळलं होतं, पण कुणी मनावर घेतलं नाही. बहीण अजून बोलत नव्हती. सोनूला ते सहन होईना. तो म्हणाला, "थांब, तुयासाठी केळं आनतो." काडेपेटीतून त्यानं आणखी एक टिकली काढली, पाण्याबरोबर गिळली, आणि आईपुढे जाऊन उभा राहिला. "माय, मी अखीन एक गिळलं. आता केळी दे. दोन दे."

गोकुळा मासे निवडत होती. तिला वाटलं, पोरगं केळ्यासाठी थापा मारतंय. तिला हसू आलं. उरलेली दोन केळी तिनं काढून दिली. सोनूनं एक दुर्गाला दिलं आणि एक स्वतः खाल्लं. रीता त्या वेळी घरी नव्हती.

त्यानंतर पोट दुखायला लागलं. सुरुवातीला थांबून थांबून. सोनू खेळता खेळता वाकायचा, पुन्हा उठायचा. बाबुलाल म्हणाला, निघायची वेळ आली की दुखतंच. गोकुळा रोज काडी घेऊन त्याच्या शीत टिकली शोधत होती. तिचा चेहरा उतरत चालला होता. मग उलट्या सुरू झाल्या. आधी भाताच्या, मग पिवळ्या, मग हिरव्या. मोहल्ल्यातल्या रुखमाबाईनं ओवा दिला, पोटाला तेल चोळलं. जो तो येऊन आपल्या घरात कुणी केव्हा काय गिळलं होतं आणि ते कसं सुखरूप निघालं, याच्या कथा सांगून जात होता. लग्नातले अनुभव सांगावेत तशा. मला आजही त्या सगळ्यांचा संताप येतो. एकानंही खोटी गोष्ट सांगितली नव्हती, आणि त्या गोष्टींनी त्या पोराभोवती कुंपण घातलं.

मी त्या वेळी वरात घेऊन सिरोंच्याला गेलो होतो. लांबचा पल्ला, जीप तिकडेच अडकलेली. पुढचं मी रीताकडून, दुर्गाकडून आणि एस.टी.च्या कंडक्टरकडून ऐकलेलं सांगतो.

मी परत येण्याच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर सोनू खाटेवर पडून होता. गुडघे पोटाशी घेतलेले. त्यानं जळू मागितली. रीतानं डबा आणला. जळू आता जरा सुकली होती, तिनं पाण्याचा हात लावून मळली आणि त्याला हसवायला म्हणून त्याच्या उघड्या पोटावर ठेवली. "पाह्य, तुया पोटावर बसली जळू."

जळू बसून राहिली नाही. ती बेंबीच्या डाव्या अंगाला सरकली. मग तिथे जाऊन तिनं अंग गोळा केलं आणि तिच्यावर बारीक काटे उभे राहिले. रीताच्या हातात चुंबक नव्हता. खाटेखालीही नव्हता. दुर्गानं टाळी वाजवली. सोनूही मान उचलून बघत होता, आणि त्याला फार अभिमान वाटला, असं दुर्गा सांगते. "मायातबी चुंबक हाय," तो म्हणाला.

रीतानं काडेपेटी उघडली. तीन टिकल्या हव्या होत्या. दोन होत्या.

"सोनू, अजून एक कुठी गेली?"

"दुर्गाच्या केळ्यासाठी गिळली. मायले सांगतलं होतं मी."

रीता धावत पडवीत गेली. बाबुलाल जाळं बांधत बसला होता. पोराजवळ बसवत नव्हतं म्हणून तो तिथे बसायचा, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिनं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "एक काय अन् दोन काय. शिसं तर मी..."

"शिसं नाही ना काका ते!" रीता ओरडली. काकापुढे आवाज चढवायची तिची ती पहिलीच वेळ. "शिसं शिशाले धरत नाई. हे धरते. एक आधी गेलं, एक मागून गेलं. आता दोघांयनं एकमेकाले धरलं अन् आतडं मधात सापडलं. ते निघत नाई. ते सोडतच नाई."

बाबुलालच्या ओठांतून गोळ्या बाहेर पडल्या. तो उठला. रीता सांगते, तेव्हा तो येणार होता. त्यानं सदरा अंगात घातला होता. संध्याकाळची ब्रह्मपुरीची एस.टी. यायची वेळ झालेली. रीता म्हणाली, मी पुढे जाऊन गाडी थांबवते, तुम्ही त्याला घेऊन या. आणि ती बसस्टॉपकडे पळत सुटली.

कंडक्टर भला माणूस. त्यानं गाडी थांबवली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, प्रवासी कुरकुरत होते, आणि रीता एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून मोहल्ल्याच्या वाटेकडे बघत होती. बराच वेळ गाडी थांबली. शेवटी दुर्गा एकटीच पळत आली.

"बाबा म्हनते, राहू दे. सोनूचं दुखनं थांबलं."

खरंच थांबलं होतं. बापानं उचलायला हात घातला आणि पोरानं मोठा श्वास सोडला. गुडघे सरळ झाले. कपाळावरची आठी गेली. "बाबा, दुखत नाई आता," म्हणाला. पाणी मागितलं. गोकुळा इतक्या दिवसांनी रडली, आनंदानं. रुखमाबाईनं दारातूनच हात जोडले. बाबुलाल खाटेच्या कडेवर बसून पोराचे पाय चोळत सगळ्यांना सांगत होता, "म्हनलं होतं ना मी? सुटलं पाह्य. सकाळी निघून जाईन."

एस.टी. निघून गेली. रीता परत आली, तिनं पाहिलं, आणि तिलाही वाटलं की आपण उगाच घाबरलो. हे ती स्वतः सांगते. पुढे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की आतडं फाटलं की ताण सुटतो आणि घटकाभर दुखणं थांबतं. ते थांबलं म्हणूनच गाडी धरायला हवी होती. हे ब्रह्मपुरीच्या कॉलेजातही शिकवत नसतील, आमच्या मोहल्ल्यात कोण शिकवणार?

मी सकाळी सिरोंच्याहून आलो, तेव्हा गोकुळाची हाक ऐकूनच चाक पंक्चर झाल्यासारखा जागेवर थांबलो. सोनूचं पोट पाटीसारखं टणक झालं होतं. अंग भाजत होतं, हातपाय गार. त्याला मागच्या बाकावर गोकुळाच्या मांडीवर ठेवला, बाबुलाल माझ्या शेजारी बसला. मी जीप कधी इतकी पळवली नव्हती, आणि नंतरही नाही. वाटेत एकदा त्यानं डोळे उघडले. मी आरशात बघत होतो. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणालो, "सोनू, आवाज दे ना बाप्पा. ब्रह्मपुरी, ब्रह्मपुरी." त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही.

ब्रह्मपुरीला फोटो काढला. काळ्या फिल्मवर दोन पांढऱ्या टिकल्या, एकीला एक चिकटलेल्या. डॉक्टरनं उभ्या उभ्याच चंद्रपूरची चिठ्ठी लिहिली. चंद्रपूरला त्याला लगेच आत नेलं. तिथल्या माणसांनी हात राखून काही केलं नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण पोटात सगळी घाण पसरली होती. ऑपरेशननंतर सोनू शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तो गेला.

गोकुळाला मी धरून बाहेर बसवलं. बाबुलाल आतच उभा होता. डॉक्टरीणबाईंनी स्टीलच्या वाटीत काढून ठेवलेल्या त्या टिकल्या त्याच्यापुढे धरल्या. धुतलेल्या होत्या. दोन आहेत असं वाटतच नव्हतं. बाबुलाल म्हणाला, "साहेब, शिसं तर निघते." बाईंनी वाटी तशीच धरून ठेवली. त्यांनाही पोरं असतील.

बाबुलालनं त्या टिकल्या उचलल्या आणि वेगळ्या करायला लागला. जन्मभर ओल्या गाठी सोडवलेली बोटं त्याची. नखं घातली, पिळलं, जोर लावला, आणि एकदाच्या त्या सुटल्या. सुटल्या आणि लगेच उडून पुन्हा एकमेकींवर बसल्या. त्याच्या बोटाची कातडी मधे सापडली. रक्त आलं. मी पुढे झालो तर त्यानं कोपरानं मला अडवलं. त्याला त्या काढायच्या नव्हत्या. तो तसाच उभा राहिला, बोटाकडे बघत, कातडी पांढरी पडेपर्यंत.

पोरांना आम्ही जाळत नाही. सोनूला तळ्याच्या वरच्या अंगाला पुरलं. मोहल्ल्यानं मग आपलं नेहमीचं काम केलं. दोष कुणाचा, तर रीताचा. ती काळी वस्तू घरात आणलीच कशाला? पोरीची जात, शिकून माजली. केळ्यांच्या कथा सांगणारी तोंडंच हे बोलत होती. गोकुळानं जळूचा डबा तळ्यात भिरकावला. रीता त्याच दिवशी गेली. माझ्याच जीपमध्ये बसून गेली, सगळा रस्ता ओढणी तोंडात कोंबून. पुन्हा आली नाही. पुढे तिनं सायन्स सोडलं, असं ऐकलं.

पाऊस येऊन गेला, तळं भरलं. बाबुलालला जाळं पुरं करावंच लागलं, पोट कुणाला सुटलंय. तो पुन्हा पडवीत बसायला लागला, पण गोळ्या गालात घेईना. एकदा घेतल्या आणि ओकारी आली. म्हणून दुर्गा वाटी धरून शेजारी बसायची आणि एकेक गोळी त्याच्या बोटांत द्यायची. काम फार सावकाश चालायचं. मी भिंतीपलीकडून बघायचो.

एके दिवशी कोंबडी मधे आली. तिला हाकलायला दुर्गानं वाटी खाली ठेवली, आणि ठेवता ठेवता, जशी आमच्यातल्या सगळ्यांना सवय, हातातली गोळी गालात टाकली.

बाबुलालनं जाळं फेकलं. पोरीचा जबडा धरला, तोंडात बोट घातलं, गोळी काढून अंगणात भिरकावली आणि तरीही बोट काढेना. जिभेखाली, दाढांमागे, दुसऱ्या गालात, पुन्हा पहिल्या गालात चाचपत राहिला. त्याचं तेच बोट, व्रण असलेलं. मी भिंत ओलांडून जाईपर्यंत दुर्गाचा श्वास कोंडला होता. मी त्याचा हात ओढून काढला.

पोरीनं एक आवंढा गिळला. मग बापाकडे बघत, दोन्ही हात आपल्या पोटावर ठेवून ती म्हणाली, "नाई गिळली, बाबा. सच्ची नाई गिळली. मले केळं नको."